वेगळा वाजलेला खिळा

टेकडीच्या पायथ्याच्या त्या वस्तीत नालबंदाला त्याच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे त्याला कानसेन म्हणत. हे नाव तबेल्याच्या म्हाताऱ्या मालकिणीने ठेवलं आणि ते असं काही चिकटलं की त्याच्या बायकोलाही बाजारात कानसेनीण म्हणू लागले. ती वरवर फणकारायची. पण भाजीवाल्याने एखाद्या दिवशी नुसतं 'बाई' म्हटलं तर तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

नाव उगाच पडलं नव्हतं. घोड्याचा खूर म्हणजे आपल्या नखाचाच थोरला भाऊ. बाहेरची कड टणक आणि मेलेली. तिच्यातून खिळा गेला तर घोड्याला त्याचं सोयरसुतक नसतं. पण त्या कडेच्या आत, गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर जिवंत मांस सुरू होतं. नाल खुराला ठोकताना खिळा खालून शिरतो आणि किंचित बाहेर वळत वर निघतो, तोवर सगळं ठीक. तो आत वळला की घोडा लंगडतो, पू धरतो, आणि वेळेवर कळलं नाही तर अख्खा खूर आतून सडतो. बरं, आत डोकावून बघायला खुराला काही खिडकी नसते. आत काय चाललंय ते आवाजच सांगतो. टणक कडेतून जाणारा खिळा घावागणिक चढा वाजतो, मऊ जागेकडे निघालेल्या खिळ्याचा आवाज बसतो. चांगल्या नालबंदाला हा फरक तीन-चार घावांत कळतो. कानसेनाला तो एका घावात कळायचा.

एकदा तो समोरच्या हॉटेलात चहा पीत बसला होता. रस्त्यापलीकडे एक फिरता नालबंद कुणाच्या तरी घोड्याला नाल ठोकत होता. कानसेन कप तोंडाला लावता लावता थांबला आणि खिडकीतून ओरडला, "काढ तो! आत चाललाय!" त्या माणसाने आधी शिवी हासडली, मग खिळा काढला. टोकाला रक्त होतं. तो फिरता नालबंद त्यानंतर या बाजूला फिरकला नाही.

वस्तीला नालबंद लागायचा तो टेकडीमुळे. वर हॉटेलं होती आणि वर जाणाऱ्या नागमोडी रस्त्यावर मोटारींना बंदी होती. माणसं, पेट्या, गाद्या, दुधाचे कॅन, सगळं घोड्यांवर नाहीतर बग्गीतून. एवढे घोडे, आणि सगळ्यांचे पाय याच्या मांडीवर. रस्त्याला लागून त्याची लोहारकाम करायची खोली, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक दार. खोलीत एका बाजूला भट्टी, मध्ये ऐरण, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेल्या नाला आणि सगळ्यावर जळक्या खुराचा वास. हा वास पडद्यांना, उशांना, पावाला, सगळ्याला लागायचा. लग्न होऊन आली तेव्हा बायकोने नाक मुरडलं होतं. पुढे तिला त्या वासाशिवाय झोप येईना.

या ऐरणीवर त्याचं घर चाललं आणि या ऐरणीनेच त्याचे कान नेले. आधी किटलीची शिट्टी गेली. मग शेजारच्यांच्या दाराची घंटा. मग स्वयंपाकघरातून येणारा बायकोचा आवाज. हा गेला तेव्हा मात्र त्याला पहिले काही दिवस बरंच वाटलं, असं तो स्वतःच तिला हसून सांगायचा. हसू थांबलं ते खिळ्याचा आवाज गेला त्या दिवशी. घाव बसत होते, हाताला धक्का जाणवत होता, पण टण्ण काही होत नव्हतं. त्याला वाटलं हातोडीचा दांडा सैल झाला. त्याने दांडा बदलला. मग हातोडी बदलली. मग ऐरणीखालचा ओंडका. बायको दारात उभी राहून हे बघत होती. शेवटी ती जवळ आली, त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली, "अहो, हातोडी नीट वाजतेय."

नालबंदाच्या हातालाही पुष्कळ कळतं, नाही असं नाही. पण त्याचे हातही उभ्या जन्माच्या धक्क्यांनी बधिर झाले होते. थंडीत तर चहाचा कप गरम आहे की गार ते ओठाला लावल्यावर कळायचं.

दोघांनी ठरवलं की बोलायचं नाही. खिळा ऐकू न येणारा नालबंद, म्हटल्यावर कोण घोडा आणणार? आंधळ्या न्हाव्याकडे कुणी दाढी करायला जातं का? झाकली मूठ सव्वा लाखाची. मग त्यांनी युक्त्या काढल्या. काम करताना तो चार-सहा खिळे ओठांत धरायचाच. आता गिऱ्हाईक दिसलं की ओठांत खिळे. खिळे तोंडात असलेल्या माणसाकडून कुणी गप्पांची अपेक्षा करत नाही. बायको शेंगा सोलायचं निमित्त काढून मधल्या दारात बसायची आणि गिऱ्हाईक बोललं की नवऱ्याकडे तोंड करून तेच पुन्हा म्हणायची. "काय म्हणता? मागचा डावा सैल झालाय?" तो तिचे ओठ वाचायचा आणि मागचा डावा पाय उचलायचा. लोकांना वाटायचं, म्हातारपणी ही बाई फार चोंबडी झाली. आणि हा किती गंभीर झाला, किती मोजकं बोलतो! मान वाढला, ही त्यातली गंमत.

पण खिळ्याचं काय? तिथे बायको काय करणार, असं दोघांनीही धरलं होतं. तिथे त्याने घोड्यालाच आपला कान केला. पाय मांडीत धरला की घोड्याचा दंड त्याच्या बरगडीला टेकायचा. खिळा जरा जरी आतल्या वाटेला लागला की घोड्याच्या कातडीवरून शहारा जातो, दंड आवळतो, कान मागे पडतो. कानसेन ठोकायचा आणि थांबायचा, ठोकायचा आणि थांबायचा. शहारा आला की खिळा बाहेर. पहिल्यांदा त्याने असे चार पाय पुरे केले तेव्हा तो स्वयंपाकघरात येऊन धपकन खुर्चीत बसला आणि बायकोला म्हणाला, "जमलं गं. घोडा खोटं बोलत नाही."

घोडा खोटं बोलत नाही हे खरंच आहे. पण घोड्याला बोलताच येऊ नये अशी सोय माणूस करू शकतो, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. त्या वेळी कुणाच्याच आलं नसतं.

त्यांना एकच मुलगी. तिने लग्नाच्या भानगडीत न पडता बग्गी घेतली होती आणि टेकडीवरच्या हॉटेलांचं सामान खाली-वर करायची. उंच, खणखणीत आवाजाची, हसली की घोडे कान टवकारायचे. सकाळी जायची, दिवेलागणीला यायची. जेवायला समोरासमोर दिव्याखाली बसायचं, त्यामुळे तिचे ओठ त्याला नीट दिसायचे. बाबा हल्ली विसरभोळे झालेत एवढंच तिच्या लक्षात आलं होतं. तिला सांगायचं रोज ठरायचं आणि रोज राहून जायचं. सांगितलं तर ती रागावणार नाही, हे त्याला माहीत होतं. ती फक्त त्याच्या हातातली हातोडी काढून घेईल आणि "आता पुरे, बाबा" म्हणेल. तेवढंच त्याला नको होतं.

तिची जुनी घोडी थकली तेव्हा घोड्यांचा दलाल एक तपकिरी घोडा घेऊन आला. या दलालाला सगळे गोडबोल्या म्हणत. घोडा मात्र दृष्ट लागावी असा होता. रुंद छाती, चकचकीत अंग, हिवाळ्याचे दाट केस, डोळ्यांत शांतपणा. चारही पायांना गुडघ्याखाली लोकरी पट्टे गुंडाळलेले. मुलीने विचारलं असावं, कारण गोडबोल्या हसून काहीतरी म्हणाला आणि बायकोने दारातून ते पुन्हा म्हटलं, "म्हणजे प्रवासात खरचटू नये म्हणून बांधलेत होय पट्टे? बरंय."

"बाबा, तुम्ही पाय बघा," मुलगी समोर येऊन म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात तर घेते, नाहीतर नाही."

त्याने लांब दांड्यांची मोठी पक्कड घेतली. खुराचा तळवा आणि कड त्या पकडीत धरून दाबायचं. आत कुठे दुखत असलं तर घोडा पाय ओढून घेतो. त्याने पुढचा उजवा दाबला, डावा दाबला, टाचेशी दाबला, टोकाशी दाबला. घोडा लांब कुठेतरी बघत उभा. जरासं दाबलं तर निरोगी घोडाही एखाद्या ठिकाणी कातडी हलवतो. याने तेवढीही हलवली नाही. कानसेनाला ते खटकलं नाही. उलट त्याची छाती फुगली. "लोखंडाचे पाय आहेत," तो म्हणाला. "घेऊन टाक, पोरी."

लगेच नाला ठोकायला घेतल्या. गोडबोल्या दाराशी, मुलगी घोड्याच्या डोक्याशी, बायको मधल्या दारात. पुढच्या उजव्या पायाला बाहेरच्या बाजूचा एक खिळा घालताना त्याने नेहमीसारखं ठोकलं आणि थांबला. शहारा नाही. दंड सैल. घोड्याने वाळल्या गवताची काडी चघळत कान पुढेच ठेवला होता. त्याने आणखी ठोकलं. थांबला. काही नाही. मग शेवटचे घाव घालून त्याने वर निघालेलं टोक मुरडलं, कानशीने घासलं आणि पुढचा खिळा ओठांतून काढला. मध्ये एकदा त्याची नजर बायकोकडे गेली. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली होती आणि ती त्याच्याकडे एकटक बघत होती. त्याला वाटलं, किती दिवसांनी कौतुकाने बघतेय. तो ओठांत खिळे धरूनच हसला.

घोडा कामाला लागला आणि मुलगी त्याच्या प्रेमातच पडली. चढ असो, उतार असो, दगड असो, हा एका लयीत चालायचा. ठेच लागली तरी मान हलवायचा नाही. "बाबा, याला दुखतच नाही काही," ती जेवताना सांगायची. "इतका सोशीक घोडा मी पाहिला नाही." तो मान डोलवायचा. बायको ताटातलं चिवडत बसायची. काय झालं म्हणून विचारलं तर पित्त म्हणायची.

तिचं ते पित्त काही उतरेना. ती हल्ली तबेल्यात जाऊन घोड्याजवळ उभी राहायची, त्याच्या पायांकडे बघायची, आणि तो लंगडत नाही हे बघून परत यायची. कानसेनालाही एक-दोनदा तिथे गोडसर कुजका वास आला. त्याने गवत बदललं, फरशी धुतली, नाली साफ केली. दोघांनीही एकमेकांजवळ अवाक्षर काढलं नाही. घरातली शांतता त्याला तशी सवयीची होती. पण ही शांतता वेगळी होती आणि ती बहिऱ्या माणसालाही कळत होती.

मग ती थंडीची सकाळ आली. अंगणात पाणी गोठून घसरण झाली होती. मुलगी घोडा जुंपत होती. बायको आतून उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन बर्फावर ओतायला आली, तिचा पाय निसटला आणि अख्खं पातेलं घोड्याच्या पुढच्या उजव्या पायावर गेलं. वाफेचा लोट उठला. बायकोचं तोंड किंचाळायला उघडलेलं त्याने पाहिलं. मुलगी मागे उडी मारून सरकली.

घोडा हलला नाही. त्याच्या पायावरून वाफ निघत होती, केस चिकटून बसले होते, आणि तो मुलीच्या खिशाला नाक लावून खाऊ शोधत होता.

मुलीने आधी छातीवर हात ठेवला, मग खो खो हसली. "बघितलंत? देवमाणूस आहे हा, देवमाणूस! पाणी फारसं गरम नसेल, आई." तिने घोड्याची मान थोपटली आणि बग्गीवर चढून बसली. कानसेनाची नजर त्या पायावर होती. ओले केस चिकटल्यामुळे, पट्टा बांधायच्या जागी, दोन्ही बाजूंना बोटभर लांबीचा केस नसलेला गुळगुळीत वण दिसत होता. दुसऱ्या पायावरही तशीच केसांतून जाणारी रेघ असावी. असे वण त्याने तरुणपणी एकदाच पाहिले होते, तेही मेलेल्या घोड्यावर. पायातलं दुखणं कळवणारी नस कापतात. आतलं दुखणं बरं होत नाही, फक्त घोड्याला ते कळायचं थांबतं, आणि लंगडा घोडा ठणठणीत म्हणून विकता येतो.

त्याने हात वर केला. तोंड उघडलं. 'थांब' एवढं एक म्हणायचं होतं. पण थांब म्हटलं की ती विचारणार, का? पकडीने दाबलं तेव्हा नाही कळलं? ठोकताना नाही कळलं, कानसेनांना? मग पुढचं सगळंच सांगावं लागणार होतं. संध्याकाळी निवांत बसून सांगू, असं त्याच्या मनात आलं. वर केलेला हात त्याने निरोपाचा हात असल्यासारखा हलवला. तिनेही हलवला आणि बग्गी कोपऱ्यावरून वळली.

पाणी पडलेल्या जागी खुराची ओली खूण उमटली होती. तिच्या बाहेरच्या कडेला पिवळट, लालसर थेंब होता. तो खाली वाकला आणि बोट लावून वास घेतला. तबेल्यातला तोच वास.

बायको भिंतीला टेकून उभी होती. ती जवळ आली, त्याच्या कानाशी न जाता समोर उभी राहिली आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, "तो खिळा वेगळा वाजला होता."

"कुठला?"

"याच पायाचा. बाहेरचा. बसका वाजला. मला वाटलं तुम्ही काढाल. तुम्ही थांबलात, घोड्याकडे बघितलंत, मग ठोकलात. मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल. घोडा हलला नाही तर माझंच चुकलं असेल."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"सगळे होते ना तिथे," ती म्हणाली. "पोरगी होती."

त्याला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि लगेच स्वतःच्या. दोघांनी मिळून ज्या पोरीपासून लपवलं, तीच सडक्या खुराचा घोडा घेऊन टेकडी चढत होती. चढताना ठीक. उतरताना बग्गीचं आणि सामानाचं सगळं ओझं पुढच्या पायांवर येतं. निरोगी घोडा दुखऱ्या पायावर भार टाकत नाही, तो पाय वाचवतो, थांबतो, अडून बसतो. हा अडणार नव्हता. खूर हातात आला तरी हा चालत राहणार होता.

तो टोपी न घालताच निघाला. टेकडीवर जायला रस्त्याशिवाय एक पायऱ्यांची वाट होती, वळणं तोडत सरळ वर जाणारी. त्या वाटेने तो तरुणपणीसुद्धा एवढ्या घाईने चढला नसेल. छाती भात्यासारखी हलत होती. अर्ध्यावर वाट रस्त्याला मिळते तिथे तो बाहेर पडला. एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा, मध्ये गोठलेल्या दवाने पांढरी झालेली फरसबंदी. आणि तिच्यावर खुरांच्या खुणा वर गेलेल्या. तीन खुणा कोरड्या. चौथीत डाग.

इथेच त्याने पुन्हा चूक केली, आणि ती नालबंदच करू शकतो अशी. सरळ वर पळायचं सोडून तो त्या डागावर वाकला. डाग केवढा आहे, पातळ आहे की घट्ट, पू जास्त की रक्त, यावरून आत किती सडलंय ते ठरतं. इथे मोठा होता; खाली सुरुवातीला केवढा होता? खाली लहान असेल तर वाढ जलद आहे. लहान नसेल तर अजून वेळ आहे. 'अजून वेळ आहे' असंच उत्तर त्याला हवं होतं. तो उताराकडे तोंड करून, कंबरेत वाकून, एकेक खूण तपासत रस्त्याच्या मधोमध खाली चालू लागला.

मागून बग्गी येत होती.

त्या दिवशीचं सामान वाटेतल्या पहिल्याच हॉटेलातलं होतं आणि ते तयारच होतं, त्यामुळे मुलगी लगेच फिरली होती. ब्रेक अर्धा आवळून, घोड्याला त्याच्या लयीत सोडून ती उतरत होती. वळणावर तिला बाप दिसला. पाठमोरा, ओणवा, रस्त्याच्या मध्ये. तिने घंटा वाजवली. त्या रस्त्यावर बग्गीची घंटा खालच्या दुकानांपर्यंत जाते. ज्या माणसाला रस्त्यापलीकडच्या खिळ्याचा आवाज चहा पिता पिता कळतो, त्याला आपल्याच मुलीची घंटा कळणार नाही, हे तिच्या मनात येणं शक्य नव्हतं. म्हणून तिने वेळेवर ब्रेक ओढला नाही. पुन्हा घंटा वाजवली. मग ओरडली. मग सगळं बळ लावून ओरडली.

कानसेनाला तळपायांत कंप जाणवला. तो वळला तेव्हा घोड्याची छाती अगदी जवळ आली होती आणि त्या छातीच्या वर मुलीचं उघडं तोंड होतं. तिने अंगातलं होतं नव्हतं तेवढं बळ लावून लगाम एका बाजूला खेचला. घोड्याने तो मानला, सगळा भार पुढच्या उजव्या पायावर घेऊन वळला, आणि खुराची कड मांसापासून सुटली. घोडा खांद्यावर पडला. बग्गी त्याच्यावरून फिरून कठड्यावर आदळली आणि कुशीवर आली. पेट्या फुटून कुणाचे तरी शर्ट, बूट रस्त्यावर पसरले. हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर कसलाही आवाज न होता घडलं.

आधी घोडा उठला. मोडलेल्या दांड्यांतून अंग सोडवून तो उभा राहिला. पुढच्या उजव्या पायाला खूर नुसता मागच्या बाजूने लोंबत होता आणि घोडा उरलेल्या लाल मांसावर भार देऊन उभा होता. त्याने मान खाली घातली आणि कठड्याच्या फटीतून वर आलेलं गवत खायला लागला.

मुलगी बग्गीखाली होती. कंबरेपासून खालचं काही दिसत नव्हतं. तो तिच्याजवळ गुडघ्यांवर पडला, चाकाला खांदा लावला, ते हललं नाही. पुन्हा लावला. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता, पण डोळे उघडे होते आणि ओठ हलत होते. त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओठांकडे बघितलं.

"मी ओरडत होते," ती म्हणत होती. "बाबा, मी एवढी ओरडत होते."

"मला ऐकू येत नाही गं पोरी," तो म्हणाला. स्वतःचा आवाज किती मोठा निघतोय ते त्याला कळत नव्हतं. "मला ऐकू येत नाही."

"आत्ता? पडलात का?"

त्याने मान हलवली. "आत्ता नाही. आधीपासून. खूप आधीपासून."

मग तिने डोळे हलवले. मोडलेल्या दांड्यांवरून तिची नजर घोड्यावर गेली, गवतावर गेली, लोंबणाऱ्या खुरावर गेली आणि नालेच्या बाहेरच्या बाजूच्या त्या खिळ्यावर येऊन थांबली. ती नालबंदाची मुलगी होती. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिने ओठ सावकाश हलवले, त्याला नीट वाचता यावेत म्हणून.

"मग तो खिळा कुणी ऐकला?"

कुणीच नाही, असं म्हणता आलं असतं. तेवढं खोटं देवानेही पोटात घातलं असतं. पण इतकी वर्षं लपवून लपवून तो थकला होता, आणि एकदा खरं बोलायला लागलेल्या माणसाला कुठे थांबावं ते कळत नाही.

"तुझ्या आईने," तो म्हणाला.

मुलीने डोळे मिटले. खालच्या वळणावरून माणसं धावत वर येत होती. कुणी फळी आणली होती, कुणी दोर. कुणीतरी त्याला काखेत धरून बाजूला केलं. माणसं तिच्याभोवती वाकली आणि तिच्याशी बोलू लागली, आणि ती त्यांना काहीतरी सांगत होती, हे त्याला तिच्या गळ्याच्या हालचालीवरून दिसत होतं. पण तिने तोंड कठड्याकडे फिरवलं होतं. तो या बाजूने वाकला, त्या बाजूने वाकला. ती काय म्हणतेय ते त्याने शेजारच्या माणसाला विचारलं. तो माणूस चाक उचलण्यात गुंतला होता. त्याने सांगितलं नाही.